पाव टक्क्यावर तरंगताना

नेपाळमधलं पोखरा शहर समुद्रसपाटीपासून आठशे-सव्वाआठशे मीटर उंचीवर आहे. तिथली हवा जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे ९,३५० किलोंचा भार टाकते. म्हणजे साडेनऊ टनांना थोडं कमी. हा भार आपल्याला जाणवत नाही, कारण तो सगळ्या बाजूंनी सारखाच असतो. पोखराच्या धावपट्टीवरून पर्यटकांना मागच्या सीटवर बसवून उडणाऱ्या अल्ट्रालाइटला या ९,३५० किलोंपैकी दर चौरस मीटरला फक्त २७ किलो हवे असतात. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब थोडा कमी, खालच्या बाजूला थोडा जास्त, आणि दोन्हींतला फरक एकूण दाबाच्या पाव टक्क्याच्या आसपास. एवढ्या फरकावर दोन माणसं, एक इंजिन आणि पेट्रोलची टाकी आकाशात राहते.

हिमालय पाहायला गेलेला माणूस डोंगराचे आकडे ऐकून थक्क होतो, आणि त्यात नवल नाही. मला मात्र आधी हा पाव टक्का थक्क करतो. डोंगर उभा राहायला किती प्रचंड काय काय लागलं आणि त्याच्यासमोर जाऊन तरंगायला किती थोडं लागतं, हे दोन्ही हिशेब एकाच सीटवरून दिसतात अशी जागा जगात फारशी नसावी.

आधी यंत्र बघू. पोखरात १९९० च्या दशकापासून पर्यटकांना फिरवणारी अल्ट्रालाइटं ज्या जातीची आहेत तिला ट्राइक म्हणतात. खाली तीन चाकांची उघडी गाडी, वर कापडी त्रिकोणी पंख, आणि मागे ढकलणारा पंखा. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, शेपटीही नाही. प्रवासी वैमानिकाच्या मागे जरा उंचावर बसतो. त्याचे गुडघे वैमानिकाच्या कमरेच्या दोन्ही अंगांना येतात. पंखाचं क्षेत्रफळ पंधरा चौरस मीटर, म्हणजे मुंबईतल्या बऱ्यापैकी खोलीएवढं. त्यावर ताणलेलं पॉलिएस्टरचं कापड चौरस मीटरला दीड-दोनशे ग्रॅम भरतं. रिकामं यंत्र दोनशे-सव्वादोनशे किलोंचं, आणि दोन माणसं व इंधनासकट चारशे.

या पंखाचा पूर्वज स्वयंपाकघरात जन्मला. फ्रान्सिस रोगॅलो हा अमेरिकी अभियंता सरकारी विमानसंशोधन संस्थेत नोकरीला होता. पण न ताठणाऱ्या, वाऱ्यानेच आकार घेणाऱ्या पंखाची त्याची कल्पना तिथे कोणाला पटेना. मग त्याने आणि पत्नी गर्ट्रूडने घरातच पंख्याच्या वाऱ्यात प्रयोग केले, आणि स्वयंपाकघराच्या पडद्याचं कापड कापून पहिला पंख शिवला. १९४८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९५१ मध्ये ते मिळालं. पुढे अंतराळयान परत उतरवताना हाच पंख वापरता येईल का याच्या चाचण्या नासाने घेतल्या. अंतराळयानं शेवटी पॅराशूटनेच उतरली. पंख मात्र हँगग्लायडरवाल्यांनी उचलला, आणि त्यांच्यापैकी कोणी तरी त्याला इंजिन लटकवलं.

वजनाबाबत कायदे कडक आहेत. अमेरिकेच्या १९८२ च्या नियमात अल्ट्रालाइट म्हणजे रिकामं वजन ११५ किलोंपेक्षा कमी, इंधन १९ लिटरांपेक्षा जास्त नाही आणि सीट एकच. त्या व्याख्येत प्रवाशाला जागाच नाही. युरोपात दोन सीटच्या मायक्रोलाइटसाठी बराच काळ साडेचारशे किलोंची मर्यादा होती, आणि आपण ज्या फेरीबद्दल बोलतोय ती या दुसऱ्या घराण्यातली.

आता हवेचा हिशेब. पंखाचा विस्तार दहा मीटर आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर हे यंत्र दर सेकंदाला सुमारे दोन टन हवा खाली ढकलतं. चारशे किलोंचं यंत्र, आणि सेकंदाला स्वतःच्या पाचपट वजनाची हवा! पण ती हवा खाली जाते ताशी जेमतेम सात किलोमीटरने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. उडण्याचं सगळं गणित यात आलं: पुष्कळ हवा हळूच ढकला किंवा थोडी हवा जोरात ढकला. पहिला मार्ग नेहमीच स्वस्त पडतो. पंधरा मिनिटांच्या फेरीत अठराशे टन हवा आपल्याखालून खाली सरकते आणि खाली पोखराच्या फेवा तलावावरच्या नावाड्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

जम्बो जेटशी तुलना केली की हे जास्त उमजतं. बोइंग ७४७-४०० भरलं की जवळजवळ ३९७ टनांचं होतं, आणि पंखाचं क्षेत्रफळ ५४१ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला ७३० किलो. अल्ट्रालाइटच्या २७ पट. उलट बाजूला पोखराच्या आकाशात घिरट्या घालणारं हिमालयी गिधाड. आठ-नऊ किलोंचा पक्षी, पंख साधारण एक चौरस मीटर. चौरस मीटरला आठ-नऊ किलो, म्हणजे अल्ट्रालाइटच्या एक-तृतीयांश. तेव्हा पंखावरच्या ओझ्याच्या हिशेबात आपण ज्या यंत्रात बसतो ते विमानापेक्षा गिधाडाला कितीतरी जवळचं आहे. हवेत टिकायला लागणारा किमान वेग या ओझ्याच्या वर्गमुळाने वाढतो. २७ चं वर्गमूळ पाचाच्या जरा वर. जम्बो ताशी तीनशेच्या घरात जमीन सोडतं, ट्राइक साठच्या घरात. भागाकार करून बघा, पाचच येतात. ढोबळ आकडे इतके बरोबर जुळले की मला दरवेळी संशय येतो आणि मी पुन्हा करून बघतो.

पाठीमागचं प्रकरण मात्र गिधाडासारखं अजिबात नाही. बऱ्याच ट्राइकवर ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं ८० किंवा १०० अश्वशक्तीचं इंजिन असतं. वजन साठेक किलो, ताकद आपल्याकडच्या छोट्या मोटारीएवढी. शंभर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला ५,८०० फेरे घेतं आणि गिअरबॉक्स ते पंख्यासाठी २,४०० च्या आसपास आणतो. पंख्याचा व्यास १.७ मीटर धरला तर पात्याचं टोक ताशी ७६५ किलोमीटरने फिरत असतं. यंत्र पुढे जातंय ताशी ८० ने आणि प्रवाशाच्या पाठीमागे हातभर अंतरावर जवळपास जेट विमानाच्या वेगाने काहीतरी गरगरतंय. म्हणून हातात मोबाइल धरू देत नाहीत. पर्यटक त्यावर कुरकुर करतात, कारण एवढा डोंगर समोर आणि सेल्फी नाही! पण सुटलेली वस्तू वाऱ्याबरोबर मागेच जाणार, आणि मागे पंखा. दोनशे ग्रॅमचा फोन पात्याच्या टोकाला सापडला तर त्या टकरीत ताशी १५० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या तीसपट ऊर्जा असते. फोनचं काय होईल ते सोडा. पातं तुटलं तर इंजिन बंद करून उतरणं एवढाच पर्याय उरतो. फोटो हवे असतील तर पंखाच्या टोकाला पक्का बसवलेला कॅमेरा असतो, तो आपल्यालाच टिपतो. हेल्मेटमधला चेहरा, आणि मागे अन्नपूर्णा.

वर चढायला काय लागतं, हा पुढचा प्रश्न. चारशे किलो वजन आठशे मीटरवरून तीन हजार मीटरवर न्यायचं, तर नुसत्या उचलण्याची ऊर्जा ८६ लाख ज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख ज्यूल असतात. म्हणजे पाव लिटरपेक्षा किंचित जास्त पेट्रोल! दोन माणसं, यंत्र आणि टाकी सव्वादोन किलोमीटर उंच न्यायला कपभर इंधन पुरावं. प्रत्यक्षात या चढाईला लागणाऱ्या पंधरा मिनिटांत पाच-सहा लिटर जळतं. बाकीचं उष्णतेत, आवाजात आणि हवा घुसळण्यात जातं. आपण उडण्याचे पैसे देतो असं वाटतं, पण बहुतेक पैसे वाया जाणाऱ्या उष्णतेचे असतात.

इतकं वर गेल्यावर थंडी कापते. दर किलोमीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. खाली सकाळी १९ अंश असतील तर तीन हजारांवर पाच. त्यात अंगावर ताशी ऐंशीचा वारा. हवामानखात्यांच्या वारा-गारठ्याच्या सूत्रात हे दोन आकडे घातले तर त्वचेला उणे तीन अंशांसारखं वाटतं. काच नाही, हीटर नाही. दक्षिणेकडे पाहिलं तर या उंचीवरून क्षितिज भूमितीने १९० किलोमीटरवर असतं. गोरखपूर त्याच्या अलीकडे पडतं. मधल्या डोंगररांगा आणि गंगेच्या मैदानावरची धूळ ते दिसू देत नाहीत, हा भाग वेगळा.

उत्तरेकडे मात्र काहीच आड येत नाही. माछापुच्छ्रे, ६,९९३ मीटर, पोखरापासून अठ्ठावीसेक किलोमीटरवर. तलावाच्या काठावरून त्याचं टोक सहा हजार दोनशे मीटर उंच आहे, म्हणजे कळसूबाईच्या पूर्ण उंचीची पावणेचार माप. त्या मधल्या अंतरात ना पठार आहे ना उतरती पायरी. जमीन सरळ उठत जाते. १९५७ मध्ये जिमी रॉबर्ट्‌सच्या मोहिमेतले विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स या शिखरापासून दीडशेच फूट खाली थांबले. पुढे शासनाने चढाईच बंद केली. सव्वादोन हजार मीटर वर येऊनही आपल्या डोक्यावर हे शिखर आणखी चार हजार मीटर उरतंच. जेटच्या खिडकीतून हेच शिखर दोन मिनिटांत मागे पडतं आणि ते बघणारा चहाचा कप शोधत असतो. अल्ट्रालाइटला तेवढं अंतर कापायला एकवीस मिनिटं लागतात, आणि त्या एकवीस मिनिटांत शिखर जागचं हलत नाही, फक्त वाढत जातं. आकडा अंगाला कळायला यंत्र इतकंच दुबळं असावं लागतं, असं माझं मत.

माछापुच्छ्रेच्या पूर्वेकडे, सेती नदीच्या उगमाकडे नजर वळवली की डोंगरात एक भलंमोठं खोरं दिसतं, तीन बाजूंनी उंच कड्यांनी वेढलेलं. त्याच्या माथ्यावर अन्नपूर्णा-४, ७,५२५ मीटर. २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात फ्रेंच भूवैज्ञानिक जेरोम लावे आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. त्यांचं म्हणणं असं, की इ.स. ११९० च्या सुमाराला इथला एक माथाच्या माथा कोसळला. तो बहुधा आठ हजार मीटरहून उंच होता. तसं असेल तर जगातल्या आठ-हजारी शिखरांची यादी तेव्हा चौदाऐवजी पंधराची होती. आपल्याकडे देवगिरीला यादवांची राजधानी नुकती उभी राहत होती तो हा काळ.

कोसळलेल्या खडकाचं घनफळ सुमारे २३ घन किलोमीटर. हा आकडा वाचून पुढे जाणं सोपं आहे, म्हणून थांबून बघू. त्याचा घन केला तर त्याची प्रत्येक बाजू २.८ किलोमीटरची, कळसूबाईच्या पावणेदोन पट उंचीचा एकच चौकोनी दगड. तो फोडून मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांच्या ६०३ चौरस किलोमीटरवर सारखा पसरला तर ३८ मीटरांचा थर होईल. बारा मजली इमारती त्यात गडप होतील. गोव्यावर पसरला तर सहा मीटर. वजन साधारण ६० अब्ज टन. सगळं जग मिळून वर्षाला आठ-नऊ अब्ज टन कोळसा खणतं. त्या दराने हा माथा उपसायला सात वर्षं लागतील.

तो चुरा गेला कुठे? बराचसा पुढे वाहून गेला, पण एक मोठा वाटा अल्ट्रालाइटच्या बरोबर खालीच आहे. पोखरा शहर त्या गोट्यांच्या आणि गाळाच्या थरावर वसलंय. सेतीने आणलेल्या त्या भरावाने बाजूच्या ओढ्यांची तोंडं बुजवली आणि त्यांच्यामागे पाणी साठलं. फेवा तलाव असा झाला. पर्यटकांच्या फोटोंत ज्या पाण्यात शिखरांचं प्रतिबिंब पडतं, ते पाणी शिखरं पडल्यामुळेच तिथे अडलेलं आहे. सेती तेव्हापासून तो भराव परत कापत बसलीय. वरून पाहिलं तर शहराच्या मधोमध नदी दिसतच नाही, फक्त एक चीर दिसते. काही ठिकाणी काही मीटर रुंद आणि कित्येक पट खोल. हिमालय अजून वर उचलला जातोय हे खरं, कारण भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटरने उत्तरेकडे सरकतो. पण ११९० पासून आजपर्यंतचं हे सरकणं सगळं मिळून चाळीसेक मीटर भरतं. आपल्या पंधरा मिनिटांच्या फेरीत ते होतं एका मिलिमीटरच्या सातशेव्या भागाएवढं. सरकण्याचा दर हा, आणि पडण्याचा दर तो.

हा सगळा इतिहास बाराव्या शतकात संपला असंही नाही. ५ मे २०१२, शनिवार, नेपाळमधला सुट्टीचा दिवस. अविया क्लब नेपाळचे वैमानिक अलेक्झांडर माक्सिमोव्ह सकाळी अल्ट्रालाइटमधून पर्यटकाला फिरवत होते. अन्नपूर्णा-४ च्या बाजूला त्यांना तपकिरी धुळीचा प्रचंड लोट उठलेला दिसला, आणि मग सेतीच्या खोऱ्यातून खाली निघालेला चिखलाचा लोंढा. त्यांनी रेडिओवरून पोखरा विमानतळाच्या टॉवरला कळवलं. तिथून इशारा खाली गेला आणि नदीकाठच्या बऱ्याच लोकांना हटायला वेळ मिळाला. वरच्या अंगाला खारापानी इथे मात्र गरम पाण्याच्या झऱ्यांवर सुट्टीला आलेली माणसं, गावकरी, घरं सगळं गेलं. मृत आणि बेपत्ता मिळून सत्तरहून अधिक. वरच्या खोऱ्यात ना पूरसूचक यंत्र होतं ना पहारा. त्या दिवशी पहाऱ्याचं काम केलं ते ताशी ऐंशीने जाणाऱ्या एका कापडी पंखाने. जेट तिथे असतं तर तोवर काठमांडूच्या वाटेला लागलं असतं.

इतक्या दुबळ्या यंत्राने कुठवर जाता येतं, याचेही आकडे आहेत. १९३३ मध्ये ३ एप्रिलला एव्हरेस्टवरून पहिल्यांदा विमानं गेली, ती बिहारमधल्या पूर्णियाहून. दोन बायप्लेन, प्रत्येकाचं इंजिन पाचशेहून अधिक अश्वशक्तीचं. २४ मे २००४ ला रिचर्ड मेरेडिथ-हार्डी या ब्रिटिश वैमानिकाने मायक्रोलाइटमधून तोच माथा ओलांडला, आणि तेही मागे दोरीला हँगग्लायडरवरच्या अँजेलो डारिगोला बांधून. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या चाळीस टक्क्यांपेक्षा कमी असते.

मुंबईच्या विजयपत सिंघानियांनी १९८८ मध्ये लंडनहून भारतापर्यंत एकट्याने मायक्रोलाइट आणलं, २३ दिवसांत, सुमारे साडेनऊ हजार किलोमीटर. दिवसाला चारशे, म्हणजे रोज मुंबई ते परभणी-नांदेडकडचा टप्पा, रोज नव्या हवेत. पुढे २००५ मध्ये याच गृहस्थांनी महालक्ष्मी रेसकोर्सवरून उष्ण हवेचा फुगा उडवला, २१,०२७ मीटरवर नेला आणि सिन्नरजवळ उतरवला. २००७ मध्ये हवाई दलाचे विंग कमांडर राहुल मोंगा आणि अनिल कुमार यांनी मायक्रोलाइटमधून ऐंशी दिवसांत पृथ्वीला प्रदक्षिणा घातली, चाळीस हजार किलोमीटरहून जास्त.

पोखराला जाणार असाल तर पंधरा मिनिटांचं तिकीट परवडतं म्हणून घेऊ नका. ताशी ऐंशीने पंधरा मिनिटांत वीस किलोमीटर होतात, जाऊन-येऊन. डोंगर अठ्ठावीसवर आहे. तुम्ही त्याच्या एक-तृतीयांश वाटेवरून मागे फिराल. तासाभराची फेरी घ्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सकाळी पहिली, कारण दुपारकडे उतार तापतात, गरम हवा वर उसळते आणि चौरस मीटरला २७ किलोंचा पंख तिच्याबरोबर उसळतो. शिवाय ढग शिखरं झाकतात. हातमोजे जाड घ्या. आणि आधी वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं तर लाजू नका. जम्बोमध्ये पंचाहत्तर किलोंचा माणूस म्हणजे एकूण वजनाचा पाच हजारावा भाग, त्याची दखल कोणी घेत नाही. इथे तुम्ही यंत्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा असता, आणि वैमानिक पंख हलवून वळण घेतो तेव्हा तुमचंही वजन त्याच्या हिशेबात धरलेलं असतं.